टपावरचा नकाशा

२०२४ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमच्या गाडीच्या टपावर मला महाराष्ट्राचा नकाशा दिसला. म्हणजे अगदी सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत रेखीव नाही, पण डावीकडे किनारपट्टी, उजवीकडे विदर्भाचं निमुळतं टोक, असा पांढुरका, हातभर डाग. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चहा पीत उभा होतो म्हणून दिसला. नाहीतर स्वतःच्या गाडीचा टप कोण बघतो? गाडीत बसताना आपण दार बघतो, उतरताना मोबाईल.

पहिला संशय कबुतरांवर. पुण्यात कुठल्याही डागाचा पहिला संशय कबुतरांवर जातो. दुसरा संशय बोअरच्या पाण्यावर, कारण आमच्या सोसायटीतलं बोअरचं पाणी वाळलं की काचेवरसुद्धा रांगोळी उमटते. बादली, शांपू, मऊ फडकं घेऊन खाली गेलो. पाणी ओतलं आणि काय सांगू, नकाशा गायब! टप एकदम गडद निळा, शोरूममधून आणल्यासारखा. विजयी मुद्रेनं वर आलो, राहिलेला चहा गरम करून घेतला, पुन्हा गॅलरीत गेलो. ऊन पडलं होतं, पाणी वाळलं होतं, आणि महाराष्ट्र जिथल्या तिथे होता.

ओलं असताना दिसत नाही आणि वाळलं की दिसतं, ही खूण तेव्हा मला कळली नाही. आता कळते, म्हणून सांगून ठेवतो. रंगाच्या वरच्या थराला बारीक भेगा पडल्या किंवा तो खालून सुटला, की मधे हवा शिरते आणि तिथे प्रकाश विखुरतो. म्हणून पांढरं दिसतं. पाणी त्या फटी भरून काढतं, तेवढ्यापुरतं सगळं छान. वाळलं की मूळ पदावर. आमच्या धंद्यात ह्याला रीस्टार्ट करून बग घालवणं म्हणतात.

पुन्हा खाली गेलो आणि डागाच्या कडेला नख लावलं. नख अडकलं. जरा उचललं तर कांद्याच्या सालीसारखा पातळ, पारदर्शक पापुद्रा निघाला. लहानपणी तळहातावर फेव्हिकॉल लावून, वाळल्यावर सोलून काढायचो ना, अगदी तसा. आणि कबूल करतो, तितकीच मजा आली. अजून दोन इंच सोललं. मग भानावर आलो.

गाडीची थोडी कुळकथा सांगायला हवी. ही गाडी माझी नाही, बाबांची. २००९ मध्ये बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांनी सांगलीत घेतली. गडद निळी, मेटॅलिक. घराशेजारी पत्र्याची शेड आधी बांधली आणि मग गाडी बुक केली, ह्यावरून माणूस ओळखावा. दर रविवारी एक बादली, दोन फडकी. २०१९ मध्ये डोळ्याच्या पडद्याचा त्रास वाढला आणि त्यांनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली. "चालवणारा हवा, नाहीतर बॅटरी बसते," एवढंच म्हणाले. मी गाडी पुण्याला आणली. इथे सोसायटीत आमचं पार्किंग उघड्यावर, हिंजवडीला ऑफिसचं पार्किंगही उघड्यावर. दहा वर्षं शेडमध्ये राहिलेली गाडी पाच वर्षं उन्हात उभी राहिली.

आता थोडं तांत्रिक (कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण मग पुढे माझी चूक कळणार नाही). गाडीचा रंग म्हणजे एक रंग नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर विजेच्या साहाय्यानं बसवतात, त्यावर प्रायमर, त्यावर आपण ज्याला रंग म्हणतो तो बेस कोट, आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. डोक्याचा एक केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरला तर दोन केसांएवढी जाडी. त्यात क्लिअर कोटचा वाटा चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. चकाकी सगळी त्याचीच. खालचा मेटॅलिक बेस कोट स्वतः अगदी मंद, खडूसारखा असतो.

ह्या क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. आपण लावतो त्या सनस्क्रीनसारखीच, फक्त ही एकदाच, कारखान्यात लावलेली. ती वर्षानुवर्षं ऊन खात राहतात आणि संपत जातात. संपली की वरचा थर ठिसूळ होतो आणि किरण खाली पोचून त्याची पकड सोडवतात. सुरुवात नेहमी टप, बॉनेट, डिकी अशा आडव्या भागांवर, कारण दुपारचं ऊन तिथे सरळ पडतं. दारं शेवटपर्यंत ठणठणीत. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी बनलेल्या बऱ्याच गाड्यांचा रंग पुढे काही वर्षांत असाच सोलून निघाला. तिथे काही कारखान्यांनी मधला प्रायमरचा थरच गाळला होता. ऊन रंगातून आरपार सर्वांत खालच्या थरापर्यंत गेलं, आणि तो सुटल्यावर वरचं सगळंच सुटलं. एक स्टेप वाचवली आणि बिल पुढच्याच्या नावावर फाडलं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

तर मी सल्ला मागायला सुरुवात केली. शेजारच्या काकांची पांढरी जुनी गाडी आरशासारखी चमकते. ते म्हणाले, "अरे, रबिंग मार सरळ. हाताला पांढरं लागेल, घाबरू नकोस. नंतर बघ कशी दिसते." त्यांचं त्यांच्या गाडीपुरतं बरोबर होतं. जुन्या, साध्या पांढऱ्या रंगाच्या बऱ्याच गाड्यांना क्लिअर कोट नसतोच. वरचा रंगच उन्हानं भुकटी होतो, तो घासून काढला की खाली ताजा रंग. फडक्याला रंग लागला म्हणजे ही जात. माझ्या गाडीची जात वेगळी. तिच्यावर रबिंग मारून फडक्याला निळं लागलं तर त्याचा अर्थ क्लिअर कोट संपला आणि तुम्ही आता बेस कोट खाताय.

मी फडकं मारलं. निळं लागलं.

आणि मग आठवलं. पाच वर्षांत मी गाडीची काळजी घेतलीच नाही असं नाही. उलट फार घेतली. दर सर्व्हिसिंगला काउंटरवरचा मुलगा विचारायचा, "सर, बफिंग आणि कोटिंग करायचं का? पॅकेज आहे." सर म्हणायचे, कर. गाडी झगमगत बाहेर यायची. बाबांसारखं दर रविवारी बादली घेऊन खाली जायला मला जमत नव्हतं, म्हणून ही वर्षाची एकरकमी भरपाई. पण मशीननं कंपाउंड मारताना चकाकी येते ती वरचा ओरखडलेला भाग कापून काढल्यामुळे. दरवेळी काही मायक्रॉन जातात. चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या शिलकीतून मी दरवर्षी पैसे देऊन कट मारून घेत होतो. आणि वर कव्हर! धुळीच्या गाडीवर कव्हर टाकलं आणि ते वाऱ्यानं फडफडलं की त्याचा पॉलिश पेपर होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (बाबांनी सांगितलं होतं. २०१९ मध्ये. मी ऐकलं नव्हतं.)

असो. जूनमध्ये मी एक रविवार घालवून इलाज केला. दुकानातून क्लिअर लॅकरचा स्प्रे कॅन आणला, नकाशाच्या कडा पेपरनं घासल्या, वर्तमानपत्रं चिकटवली आणि फवारलं. दोन तास मी जगातला सर्वांत समाधानी माणूस होतो. मग दिसायला लागलं की जुन्या थराची कड नव्या थराखालून उठून दिसतेय, नकाशाला जणू जिल्ह्यांच्या सीमा काढल्यात. जुलैच्या पावसात कडेनं नवा पापुद्रा सुटला, आणि जाताना शेजारचा जुनाही घेऊन गेला. सुटायला लागलेल्या थरावर काहीही चिकटवा, ते त्या थराबरोबरच जाणार. हे लिहिताना इतकं उघड वाटतंय की लाज वाटते.

जुलैमध्येच बाबा डोळे दाखवायला पुण्याला आले. मी आदल्या रात्री टपावर आणि बॉनेटवर वॅक्सचा जाड हात दिला. वॅक्सनंही पाण्यासारखंच होतं, काही दिवस फटी बुजतात. तोपर्यंत बॉनेटवरही रुपयाएवढे तीन-चार डाग आले होते. बाबांना समोरचं धूसर दिसतं, माणसाचा चेहरा नीट दिसत नाही. त्यामुळे गाडीवरचे डाग दिसायचा प्रश्नच नव्हता. तरीही मी ते झाकले, हे लक्षात घ्या.

हॉस्पिटलच्या दारात उतरल्यावर आधारासाठी त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मी पार्किंगची पावती घेत होतो. वळून बघितलं तर ते तिथेच उभे होते आणि त्यांचं बोट बॉनेटवरून सावकाश फिरत होतं. एका जागी थांबलं. नखानं कड चाचपली.

"ह्याला पापुद्रा सुटलाय."

"हो का? आत्ताच झालं असेल बाबा. पावसानं."

ते काही बोलले नाहीत. पदराला हात पुसावा तसा त्यांनी वॅक्स लागलेला हात खिशातल्या रुमालाला पुसला आणि रुमालाचा वास घेतला. मग म्हणाले, "चल, नंबर लागेल."

त्या दिवशी घरी येईपर्यंत गाडीचा विषय निघाला नाही. सांगलीला पोचल्याचा फोन आला तेव्हा, ठेवता ठेवता म्हणाले, "विकणार असशील तर वीक. माझं काही नाही. फक्त घेणाऱ्याला आधी सांग."

विकायचा विचार डोक्यात होताच. नोव्हेंबरमध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे आरटीओत तपासणी, फी, ग्रीन टॅक्स आणि मग पुढची पाच वर्षं. एका एजंटला गाडी दाखवली. इंजिन ऐकून तो खूश झाला, टप बघून हिरमुसला. "ऐंशी देतो. नाहीतर असं करा, टपाला काळा रॅप मारा, सात-आठ हजारांत होईल. फॅशन पण आहे. कोणाला कळत नाही, मग सव्वा लाख मागा." रॅप म्हणजे चिकट फिल्म. ती सुटलेल्या पापुद्र्याला चिकटणार, एका उन्हाळ्यात फुगणार, आणि तेव्हा गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात असणार. मी "सांगतो" म्हणून आलो. मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. घरी येऊन रॅपचे रंग बघितले होते.

शेवटी एका मित्रानं डेंटिंग-पेंटिंगवाल्या मामांचा पत्ता दिला. पत्र्याची शेड, एका बाजूला प्लास्टिकचे पडदे लावून केलेली रंगाची खोली, दारात रेडिओ. मामांनी टपावर तळहात फिरवला, मला वाटलं आता तेही रुमाल काढणार. म्हणाले, "साहेब, हे पॉलिशनं जाणार नाही, पॉलिशनंच आलंय. थोडं उन्हानं." मी विचारलं, फक्त डागापुरतं करता येईल का? "येईल की. पण क्लिअरला मधेच थांबवता येत नाही. जिथे पत्रा संपतो तिथे थांबवायचं. टप म्हणजे पूर्ण टप." आमच्या टपाला दोन्ही बाजूंना रबरी पट्टी आहे, ती त्यांना फार आवडली. तिथे बरोबर थांबता येतं. टप आणि बॉनेट मिळून साडेअकरा हजार. इन्शुरन्समध्ये बसत नाही, नैसर्गिक झीज पॉलिसीतून वगळलेली असते. वेळ? "गणपती झाल्यावर आणा. हवेत दमट असेल तर रंग नाटकं करतो."

विसर्जनानंतर गाडी दिली आणि दोन शनिवार तिथे जाऊन बसलो. मामांना आधी वाटलं मी लक्ष ठेवायला आलोय. मग त्यांनी मला वॉटर पेपर धरून दिला. पापुद्रा जिथून सुटतो तिथून सगळा काढायचा, मग जिथे पक्का आहे तिथली कड घासून घासून इतकी उतरवायची की डोळे मिटून बोट फिरवलं तर कड लागता कामा नये. आधी तीनशेवीसचा पेपर, मग चारशे, सहाशे, पाण्यात बुडवून. मी अर्धा तास घासलं आणि अभिमानानं मामांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लागतंय." असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मीच डोळे मिटून आधी तपासलं.

जिथे खालचा थर उघडा पडला तिथे प्रायमर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून रंगाचा कोड मिळाला, पण त्या कोडचा निळा हा २००९ चा निळा. पंधरा वर्षं ऊन खाल्लेल्या फेंडरशेजारी तो नवरदेवासारखा दिसला असता. मामांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर तीन मिश्रणं फवारली, वर क्लिअर मारला आणि बाहेर उन्हात फेंडरला लावून बघितली. ट्यूबलाइटखाली एक जुळत होतं, उन्हात दुसरंच. उन्हातलं घेतलं.

त्यातच २५ सप्टेंबरला पुण्यात धो धो पाऊस पडला आणि काम थांबलं. गाडी चार दिवस मंद, राखट रंगात शेडमध्ये उभी होती. मामा हवेकडे बघायचे आणि मान हलवायचे.

क्लिअर मारायच्या दिवशी एक गोष्ट बघितली, ती सांगायलाच हवी. क्लिअरमध्ये हार्डनर मिसळतात, इथे दोनास एक. ह्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते श्वासात जातं आणि त्यानं दमा होतो. स्प्रे पेंटिंग करणाऱ्या लोकांना होणाऱ्या दम्याचं हे जगभर माहीत असलेलं कारण आहे. एकदा शरीरानं ते धरलं की पुढे अगदी थोड्याशानंही त्रास होतो. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. मामांनी तोंडाला रुमाल बांधला होता. मी हे सगळं वाचून गेलो होतो, त्यामुळे फिल्टरचे डबे असलेला एक मास्क विकत घेऊन गेलो होतो. तो पुरेसा नाही, पण रुमालापेक्षा बरा. मामांनी तो उलटसुलट बघितला आणि हसून विचारलं, "साहेब, तीस वर्षं झाली. आता?" मग खोकले. मग घातला. त्यांच्या हाताखालच्या पोराच्या तोंडावर मात्र रुमालच होता आणि मी एकच मास्क आणला होता. त्याला निदान पडद्याबाहेर काढलं, हवेची नळी त्यानं बाहेरूनच धरली. पुढच्या शनिवारी दुसरा नेऊन दिला. घालतो की नाही, माहीत नाही. आपल्या पाच-सहा हजारांच्या पॅनलच्या हिशेबात हे कुठे लिहिलेलं नसतं.

दोन हात क्लिअर मारल्यावर ती राखट गाडी डोळ्यांसमोर निळी होत गेली. वाळल्यावर जरा संत्र्याच्या सालीसारखी खरखर दिसत होती, ती दुसऱ्या दिवशी दोन हजारच्या पेपरनं आणि हलक्या बफिंगनं गेली. फेंडर आणि बॉनेटच्या सांध्यावर नीट बघितलं तर रंगात एक बारीक फरक अजून दिसतो. फेंडरवरही थोडा रंग पसरवून न्यायचे मामा आणखी पैसे मागत होते. मी नको म्हटलं. राहू दे.

दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी होता. मी शुक्रवारी रात्रीच सांगली गाठली. सकाळी आईनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि बाबांनी नारळ फोडायच्या आधी बॉनेटवर हात ठेवला. बोट फिरलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फेंडरच्या सांध्यापाशी थांबलं, पलीकडे गेलं, परत आलं.

"इथपर्यंत नवीन."

"हो. आणि टप."

"किती दिवस वॅक्स नाही?"

"दोन महिने तरी नको म्हणालेत. आतलं थिनर उडू दे म्हणे."

"बरोबर. आणि बाबा, हे मे महिन्यापासूनच होतं" हे वाक्य मी घाटापासून घोकत आलो होतो, ते तेव्हा म्हटलं. ते म्हणाले, "माहितीये. एका पावसात इतकी कड येत नाही." आणि नारळ फोडला.

नोव्हेंबरमध्ये पाच वर्षांचं काम झालं. सोसायटीत एका आजोबांची स्कूटर बेसमेंटमधल्या चारचाकीच्या जागेवर एकटीच उभी असते. त्यांच्याशी बोलणी चालू आहेत. त्यांची अट एकच आहे, स्कूटर उन्हात ठेवायची नाही.